परदेशस्थ रसायनशास्त्रज्ञाच्या नामांकनाबाबत मदत हवी आहे

राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराच्या रसायनशास्त्र विभागासाठी परदेशात उत्प्रेरकांवर संशोधन करणाऱ्या, भारतीय वंशाच्या परंतु परदेशी नागरिकत्व असलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे नामांकन पाठवायचे आहे. वय ४५ च्या पुढे असल्याने 'विज्ञान युवा' या तरुण शास्त्रज्ञांसाठीच्या गटाचा प्रश्नच नाही. 'विज्ञान श्री' हाच गट योग्य वाटतो. परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांच्या कार्याचा भारतीय समाजाला लाभ झालेला असावा, ही अट नियमावलीत वाचली, पण तो लाभ दाखवायचा कसा हे तिथे उलगडत नाही. शोधनिबंधांची यादी आणि पेटंटची कागदपत्रे तयार आहेत; भारतातील कारखान्यात त्यांची प्रक्रिया वापरल्याचा पुरावा मात्र नाही. इथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रयोगशाळेत मिळालेले प्रशिक्षण आणि भारतीय संस्थांसोबतचे संयुक्त शोधनिबंध एवढ्यावर ही अट पूर्ण होते का, हे असे नामांकन प्रत्यक्ष भरलेले कोणी सांगू शकेल का?