ब्रँड्स हॅच : वडिलांना प्रथमच न्यायचे आहे, शर्यत कोणती निवडावी आणि बसावे कुठे?

मेडस्टोनकर
नमस्कार. माझे वडील येत्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला येत आहेत. त्यांनी आयुष्यभर मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज चालवले आणि मोटारसायकल शर्यतींतील ब्रिटिश विश्वविजेता बॅरी शीनचे नाव आमच्या घरात एखाद्या नातलगासारखे घेतले जाते, त्यामुळे केंटमधील ब्रँड्स हॅच हे शर्यतींचे मैदान त्यांना दाखवायचेच, हे ठरले आहे. तिकिटे, पेट्रोल आणि खाणेपिणे धरून दोघांचा खर्च सत्तर पौंडांच्या आत बसवायचा आहे आणि हा आकडा ताणता येणार नाही. वडिलांचे गुडघे दुखतात, तरी काठी घेऊन ते सावकाश चालतात. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_क्लच
पॅडक हिल बेंड या पहिल्या वळणाखेरीज दुसरा विचारही करू नका. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावरून गाडी भरवेगात येते, उजवीकडे वळते आणि त्याच क्षणी रस्ता तिच्याखालून उतरू लागतो, त्यामुळे वळण कुठे संपते हे चालकाला आत शिरताना दिसतच नाही. तळाशी गाडी जमिनीवर दाबली जाते आणि लगेच हेलवुड हिलचा चढ चढून ड्रुइड्सच्या हेअरपिनकडे, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणाकडे जाते. टीव्हीवर हा उतार निम्माही जाणवत नाही. मी दरवेळी स्टँडमधील राखीव आसन घेतो. ते महाग पडते हे खरे, पण वडील काही रोज येणार नाहीत.

सरेची_सुनंदा
गुडघ्यांचा त्रास असेल तर ब्रुकलँड्सला न्या, असे मी आग्रहाने सांगेन. ह्यू लॉक किंग यांनी १९०७ साली आपल्या स्वतःच्या जमिनीवर काँक्रीटचा तो तिरप्या भिंतींचा मार्ग बांधून घेतला आणि इंग्लंडमधील पहिली ग्रां प्री, म्हणजे मोटारींची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत, १९२६ साली तेथेच झाली. आता तेथे संग्रहालय आहे, त्यात जुन्या मोटारसायकली आहेत, शिवाय कॉन्कॉर्ड विमानही पाहता येते. माझ्या सासऱ्यांना इतके आवडले की ते संध्याकाळपर्यंत निघायला तयार नव्हते.

चौथा_गिअर
सुनंदाताई, ब्रुकलँड्स उत्तम आहे, पण तेथील शर्यती १९३९ सालीच थांबल्या आणि काकांना इंजिनांचा आवाज ऐकायचा असणार. ब्रँड्स हॅच तर मुळातच दुचाकींचे ठिकाण आहे. त्या नैसर्गिक खोलगट माळावर १९२६ साली सायकलस्वार येऊ लागले, त्यांच्यामागून मोटारसायकली आल्या आणि त्या कित्येक वर्षे गवतावरच धावल्या. डांबर पडले ते १९५० साली. तेव्हा शर्यती घड्याळाच्या उलट दिशेने होत असत, १९५४ साली ड्रुइड्सचा वळसा जोडल्यावर दिशा बदलली आणि १९६० साली मार्ग मागच्या झाडीत वाढवण्यात आला. २०१२ च्या पॅरालिम्पिकमधील सायकल शर्यतीही येथेच झाल्या आणि दोन्ही पाय गमावलेल्या अलेसांद्रो झनार्डी यांनी हातांनी चालवण्याच्या सायकलवर येथेच सुवर्णपदके जिंकली.

तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशी कोणता मार्ग वापरला जाणार आहे, हे अवश्य तपासा. आखूड इंडी मार्ग सुमारे १.२ मैलांचा आणि लांब ग्रां प्री मार्ग सुमारे २.४ मैलांचा आहे. परिसरातील वस्तीला आवाजाचा त्रास होतो म्हणून लांब मार्ग वर्षातून मोजकेच दिवस उघडला जातो. इंडी मार्गाच्या दिवशी झाडीत कोणीही धावत नाही.

बर्मिंगहॅमचा_बाळ
एवढा खटाटोप करण्यापेक्षा थेट सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वन पाहा. विश्वविजेतेपदाची पहिलीवहिली शर्यत १३ मे १९५० रोजी तेथे झाली आणि खुद्द राजे सहावे जॉर्ज ती पाहायला आले होते. मी गेल्या वर्षी तीन दिवसांचा पास काढला होता, प्रत्येक पेनी वसूल झाली.

चौथा_गिअर
बाळासाहेब, त्या पासाच्या पैशांत काकांचे ब्रँड्स हॅचचे आख्खे वर्ष निघेल. शिवाय सिल्व्हरस्टोन हा युद्धकाळातील विमानतळ, त्यामुळे तेथे सगळे सपाट आहे.

जुना_क्लच
मी पुन्हा सांगतो, पॅडक हिल. १९७६ ची ब्रिटिश ग्रां प्री आठवा. पहिल्याच फेरीत तेथे लाउडा आणि रेगाझोनी या फेरारीच्याच दोघांची टक्कर झाली, ब्रिटिश चालक जेम्स हंटची गाडीही त्यात सापडली आणि त्याला पुन्हा सुरुवात करू देणार नाहीत असे कळताच प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की आयोजकांना नमते घ्यावे लागले. मग हंटने ती शर्यत जिंकली.

निकी_समर्थक
हंट प्रथम आला, पण विजय त्याच्या नावावर नाही. सप्टेंबरमध्ये तो बाद ठरला आणि पहिला क्रमांक लाउडाला मिळाला. नोंद नोंदीसारखीच सांगावी.

जुना_क्लच
त्या वर्षीचे विश्वविजेतेपद एका गुणाने हंटनेच मिळवले, हीदेखील नोंदच आहे.

स्वॅनलीवासी
मी जवळच राहतो, म्हणून व्यवहाराचे तेवढे सांगतो. एम २५ च्या तिसऱ्या जंक्शनवरून ए २० धरला की मैदान जवळच आहे. रेल्वेने यायचे तर स्वॅनलीला उतरून टॅक्सी करावी लागते. तिकीट आधी काढल्यास स्वस्त पडते. स्टँडची गरजच नाही, साउथ बँकेच्या उतारावर घडीची खुर्ची टाकून बसले की आखूड मार्गाचा बहुतेक भाग एका जागेवरून दिसतो. जेवण घरून न्या आणि कानांत घालायचे बोळे विसरू नका. काकांसाठी छोट्या क्लब शर्यतींचा दिवस सर्वात सोयीचा, त्या दिवशी गर्दी बेताची असते.

वैशाली_डार्टफर्ड
पॅडक हिललाच जा. आम्ही तेथेच बसतो.

मेडस्टोनकर
सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी पॅडक हिल, साउथ बँक आणि ब्रुकलँड्स तिन्ही ऐकून घेतले आणि वेगळेच सांगितले : ब्रिटिश सुपरबाइक या मोटारसायकल स्पर्धेची लांब मार्गावरील फेरी, आणि बसायचे ते मागच्या झाडीत, वेस्टफील्ड वळणाच्या पुढे, जेथे पूर्वीच्या डिंगल डेल वळणाला आता शीनचे नाव आहे. तेथून एका वेळी मार्गाचा लहानसाच तुकडा दिसतो, हे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले की गाडी उतारातून वर येताना चालक गिअर कधी टाकतो, हे ऐकायला तेवढा तुकडा पुरे आहे. एका दिवसाची दोन तिकिटे आधी काढली आणि डबा घरून नेला की सत्तर पौंडांत भागते.

जुना_क्लच
पॅडक हिल सोडून झाडीत बसणे मला अजिबात पटलेले नाही.

स्वॅनलीवासी
सकाळी पहिल्या सरावाआधीच निघा, म्हणजे चालायला पुरेसा वेळ मिळेल आणि मध्ये हॉथॉर्न वळणापाशी थांबून विसावा घेता येईल. पाऊस झाला असेल तर झाडीतील माती फार निसरडी होते, तेव्हा काकांच्या काठीला खालून नवे रबर बसवून घ्या.