शिरीषकुमारच्या हातातला झेंडा नेमका कोणी घडवला?

प्रश्न (नंदुरबार): ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्या गावात हुतात्मा झालेल्या शिरीषकुमारवरील नाटुकलीसाठी मुलांनी झेंड्यावर अशोकचक्र रंगवले होते. ते पुसून मी चरखा काढायला लावला, तेव्हा एकीने विचारले, "सर, मग तिरंगा केला कोणी?" पिंगळी व्यंकय्या आणि सुरैया तय्यबजी अशी दोन्ही नावे वाचनात येतात. मुलांना काय सांगावे?

उत्तर (धुळे): चरखा काढलात हे योग्यच केलेत. हा वाद बराचसा वेगवेगळ्या काळातील झेंडे एकच समजल्यामुळे होतो. १९२१ साली बेझवाड्याला व्यंकय्यांनी गांधीजींना लाल-हिरव्या झेंड्याचा आराखडा दिला; चरख्याची सूचना लाला हंसराज यांची आणि पांढरा पट्टा गांधीजींच्या सांगण्यावरून आलेला. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम काँग्रेसने १९३१ साली ठरवला, म्हणजे शिरीषकुमारचा झेंडा हाच. तय्यबजींचे नाव घेतले जाते ते १९४७ च्या चक्रांकित झेंड्यासंदर्भात.

उत्तर (फैजपूर): आमच्या गावच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनातही चरख्याचाच झेंडा होता, हे येथील नव्या पिढीला सांगावे लागते! २२ जुलै १९४७ च्या संविधान सभेच्या ठरावात रचनाकाराचे नावच नाही. मात्र निळे चक्र हे चरख्याचे प्रतीक असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पुसलेल्या चक्राची निळी कड अजून दिसते आहे. ती तशीच ठेवतो.