अर्धवट राहिलेली सीजे-३बी जीप: हॉट रॉडचा बेत, जॅम इंजिन, मुदत संपलेली आरसी. पुन्हा सुरुवात कुठून करावी?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. महिंद्राची सीजे-३बी, हरिकेन पेट्रोल इंजिन. काम काही वर्षं पूर्ण बंद होतं, आता पुन्हा हातात घ्यायचं आहे.

गाडी पुण्यात बाणेरला सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये स्टँडवर उभी आहे. बॉडी चॅसीवरून उतरवलेली. चॅसीला प्रायमर मारला होता, पण त्याच्याखालून गंज फुटलाय. इंजिन-गिअरबॉक्स चॅसीवरच आहेत. प्लग काढून भोकांत कापडाचे बोळे घातले होते, म्हणजे पावसाळ्यात ओल आत गेलीच असणार. हँडल मारून इंजिन हलत नाही. ब्रेकचं पेडल खाली गेलं की वर येत नाही. नट-बोल्ट डब्यांत आहेत, पण निम्म्या डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत.

मूळ बेत जुन्या अमेरिकन हॉट रॉडच्या, म्हणजे जुनी गाडी हलकी करून वेगवान बनवण्याच्या पठडीचा होता. पुढचे मडगार्ड काढायचे, विंडशील्ड कापून बुटकी करायची आणि बॉडी चॅसीवर चार इंच खाली बसवायची. आरसीची मुदत संपली आहे.

विचारायचं हे की बेत तसाच ठेवावा का? इंजिन सरळ उघडावं की आधी सोडवून बघावं? आणि सुरुवातीचे शनिवार-रविवार कशावर घालवावेत? संध्याकाळी सातनंतर ग्राइंडर चालवता येत नाही.

नानापेठकर

आरसी पहिली, कारण गाडीचं काय करता येईल ते तिच्यावरच ठरतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. बॉडी खाली बसवणं, विंडशील्ड कापणं, मडगार्ड काढणं हे सगळं त्यात येतं. अशी गाडी नूतनीकरणाच्या तपासणीला नेली तर तिथेच अडकेल, आणि कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. त्यामुळे कापाकापीचा बेत सोडा, हे माझं स्पष्ट मत.

आता बाकीचे कागद. चॅसीवरचा कोरलेला नंबर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका, घासलेला नंबर संशयात येतो. मग इंजिन नंबर आणि इंधन बघा. अनेक जीपमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन बसलं आणि आरसीवर तशी नोंद झाली. तुमच्या आरसीवर डिझेल असेल आणि चॅसीवर हरिकेन, तर तो प्रश्न रंगाच्या कितीतरी आधी सोडवावा लागेल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण. जुनी पुस्तकी आरसी असेल तर ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत तिची नोंद आहे का ते आधी तपासा. नसेल तर मूळ आरटीओकडून बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. आणि संगम पुलाजवळच्या आरटीओला गाडी चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीचा मार्ग खुला आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नवी नोंदणी १० वर्षांची, शुल्क २०,००० रुपये. मात्र चॅसी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं, आणि रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

हॉट रॉडबद्दल एक सांगतो. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरांनी १९३२ च्या फोर्डचे मडगार्ड काढले ते वजन कमी करून वेग वाढवायला. खाली फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन होतं, २२१ घनइंचांचं, कारखान्यातून ६५ हॉर्सपॉवरचं. त्या पठडीचा गाभा म्हणजे त्या काळचे सुटे भाग आणि उघडं, साधं यंत्र. ते तुमच्याकडे कारखान्यातूनच आलंय: विंडशील्ड मुळातच बॉनेटवर दुमडते, दरवाजे आणि टप निघतात, चाकं साध्या लोखंडी रिमची. एकरंगी रंग, मूळ मापाचे टायर, नीटस वायरिंग एवढं केलंत तरी गाडी त्याच घराण्यातली दिसेल.

पेट्रोल_हरिकेन

इंजिन लगेच उघडू नका, आणि स्टार्टरला वायर तर मुळीच लावू नका. गंजाने धरलेल्या पिस्टन रिंगला स्टार्टरचा झटका बसला की रिंग तुटते आणि पिस्टनच्या खाचेची कडही घेऊन जाते.

आधी खरंच पिस्टनच धरलेत का ते बघा. फॅनबेल्ट काढा, म्हणजे डायनॅमो आणि वॉटर पंप बाजूला झाले. गिअर न्यूट्रल करा. तरी क्रँक हलत नसेल तर मोबाइलला लागणारा एंडोस्कोप कॅमेरा प्लगच्या भोकातून घाला आणि चारही बोअर (सिलेंडरच्या पोकळ्या) बघा. बहुतेक वेळा एक-दोनच बोअर खराब असतात: इंजिन थांबलं तेव्हा ज्यांचा व्हॉल्व्ह उघडा होता ते.

मग ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं. प्रत्येक सिलेंडरमध्ये ३०-४० मिली, बारीक नळीने बोअरच्या भिंतीवरून उतरेल असं सोडा. अ‍ॅसिटोनची वाफ पेट घेते आणि तुमचं पार्किंग बंदिस्त आहे, तेव्हा त्या दिवशी ग्राइंडर, वेल्डिंग, सिगारेट काही नको, आणि दार उघडं ठेवा. दर दोन दिवसांनी थोडं थोडं भरत राहा. आठवड्याने क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून पुढे-मागे हलवून बघा. दोन मिलिमीटर हलली तरी पुरे. तिथेच थांबा, परत मागे घ्या, परत ऑइल. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. हे मिश्रण रिंगांमधून खाली सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं, म्हणून जुनं ऑइल नंतर पूर्ण काढायचंच.

दोन-तीन आठवड्यांत हललं नाही तर हेड काढा. इथे हरिकेनची एक खोड लक्षात ठेवा: हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, इनटेकच्या पोकळीत लपलेला असतो. तो राहून गेला आणि बाकी सगळे काढून पहार घातली की हेडला तडा. कार्ब्युरेटर काढून टॉर्चने बघा.

बोअरमध्ये रिंग फिरते त्या पट्ट्यात नखाला लागेल असा खड्डा असेल तर पॉलिश पेपरने भागत नाही, बोअरिंग करावं लागतं. मूळ बोअर ३ १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिमी. ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. नव्या रिंगचं तोंड (दोन टोकांमधली फट) बोअरमध्ये बसवून मोजा, साधारण ०.३ मिमी हवं. तोंड मिटलेलं राहिलं तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअर ओरखडतो.

इंजिन सुटलं तरी सम्प उतरवाच. ऑइल ओढणारी तरंगती जाळी गाळाने भरलेली असते, आणि एक मेन व एक कनेक्टिंग रॉडची कॅप उघडून बेअरिंग बघता येतं. परत कसताना रॉड ३५-४५ फूट-पाउंड, मेन ६५-७५, हेड ६०-७०. हेड मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत.

ऑइल पंप विनाकारण काढू नका. डिस्ट्रिब्युटर त्याच्याच शाफ्टवर फिरतो. पंप एक दात चुकून बसला की टायमिंग जुळत नाही, आणि माणूस दोष मात्र कॉइलला देत बसतो.

या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. उभ्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये (दांडीच्या नळीत) चिकटतात आणि त्या सिलेंडरला कॉम्प्रेशनच येत नाही. बाजूची टॅपेट प्लेट काढा, स्टेमवर गंजसोड्या ऑइल मारा, क्रँक फिरवत फिरवत मोकळे करा. व्हॉल्व्हची फट (क्लिअरन्स) थंड इंजिनला: इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२०, प्लगची ०.०३०. फायरिंगचा क्रम १-३-४-२. स्पार्क नसेल तर आधी पॉइंट बघा. इतकी वर्षं उभं राहून त्यांच्यावर पापुद्रा धरतो, बारीक पॉलिश पेपरने निघतो.

उलटे_आटे

वरचं सगळं पटतं. पण पहिले शनिवार-रविवार मी इंजिनावर घालवणार नाही. ते ऑइलमध्ये भिजत राहू दे, तोवर चॅसी चाकांवर आणून ब्रेक लावा. ढकलता येणारी गाडी असली की पार्किंग बदलता येतं, खालून काम करता येतं, रंगाला नेता येते. स्टँडवरची गाडी आहे तिथेच राहते, आणि बहुतेक कामं तिथेच थांबतात.

एक धोका आधी सांगतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढलेला असेल तर हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नका.

चाकं सोडताना डाव्या बाजूचे नट बघा. बऱ्याच जुन्या जीपना डावीकडे उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेलं असतं. नेहमीसारखं सोडायला जाल तर आणखी कसाल आणि स्टड तुटेल. मागचे हब निमुळत्या शाफ्टवर चावीने (खाचेतल्या लोखंडी तुकड्याने) बसलेले असतात, त्यांना पुलरच लागतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आटे चेपतात आणि आतल्या बेअरिंगवर मार जातो. परत बसवताना नट कमीत कमी १५० फूट-पाउंड कसा, मग कॉटर पिनचं भोक जुळेपर्यंत पुढेच घ्या, मागे नाही. नट सैल राहिला की चावी कापली जाते आणि चाक नुसतं फिरतं.

ब्रेक अर्धवट दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही. मास्टर सिलेंडर आणि चारही व्हील सिलेंडर उघडा. आत खड्डे असतील तर रबर किट टाकून उपयोग नाही, महिन्याभरात गळेल, सिलेंडर नवाच घ्या. होज सगळे नवे. पाइप स्टीलचे, दुहेरी फ्लेअरचे (टोक फाकवून दुहेरी दुमडलेले). एसीवाल्याकडचा तांब्याचा पाइप कंपनाने तडकतो. ऑइल डॉट ३, नव्याने उघडलेल्या डब्यातलं. एअर काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: आपल्या उजव्या स्टिअरिंगला मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ही सिंगल सर्किट व्यवस्था आहे, एक जोड गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. जुन्या लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा.

नट-बोल्टच्या डब्यांसाठी आट्यांचा गेज घ्या, रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. ही गाडी इंची आट्यांची आहे. ५/१६ च्या भोकात एम८ चा बोल्ट दोन आटे सहज जातो, म्हणून माणूस रेटतो आणि आटे फाटतात. इंची माल एका बाजूला, मेट्रिक सगळा बाहेर. टायर ६.००-१६. याच मापात ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे, उभ्या रेघांचे टायर मिळतात. दुकानदाराने दिले तरी घेऊ नका, ते रस्त्यावरच्या वेगासाठी नसतात.

चॅसीचा गंज प्रायमरखालून फुटलाय कारण नुसता प्रायमर ओल शोषतो, त्यावर रंग हवाच होता. पत्र्यापर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर मारा आणि पाठोपाठ, डब्यावर लिहिलेल्या मुदतीत, टॉपकोट. जून ते सप्टेंबर रंगाचं काम नको.

मुळाकाठ

फार उपयोग झाला. आरसी बघितली, इंधन पेट्रोलच आहे आणि चॅसी नंबर जुळतो. कापाकापी रद्द. दोन शंका: आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ते या इंजिनाला चालेल का? आणि इंजिन सुटल्यावर पहिल्यांदा चालू करताना क्रम काय?

पेट्रोल_हरिकेन

इंजिनाला चालतं, रबराला नाही. यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, होज आणि कार्टर कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या आतलाही डायफ्रॅम इथेनॉल झेपणाऱ्या मालाचा घ्या. होज मागताना व्हिटॉन म्हणून मागा. हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण थोडं पातळ होतं, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर अडखळली तर मेन जेट एक माप मोठा. इथेनॉल ओल धरतं आणि पाणी टाकीच्या तळाला बसून पत्रा खातं, म्हणून पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवा.

पहिल्यांदा मूळ टाकी जोडूच नका. एक-दोन लिटरचा डबा, फिल्टर लावून. नवं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा, प्लग काढलेले ठेवा आणि प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून आधी हँडलने सावकाश फिरवा. कुठे अडत नाही याची खात्री झाली की स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा, गेजवर ऑइल प्रेशर येईपर्यंत. स्टार्टर लावण्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची आणि बॅटरीचं कुठलं टोक अर्थ आहे ते नक्की करा. मग कॉम्प्रेशन मोजा, चारही सिलेंडरमधला फरक १० पीएसआयच्या आत हवा. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून पाण्याने गाळ काढा, मागच्या चौथ्या सिलेंडरभोवती तो सर्वांत जास्त साठतो. स्पार्कचं टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ अंश आधी. आता प्लग लावून चालू करा. गाडीचं तोंड आत, सायलेन्सर दाराकडे, आणि दार उघडं, कारण बंद पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड पटकन भरतो. पाच-सात सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद. गरम झाल्यावर, इंजिन चालत्या वेगात असताना ३५ पीएसआयच्या आसपास मिळालं की बॉडी बसवायला घ्या.