दौलताबादचा कोडेमार्ग: तुघलकाच्या पितळी टंक्याचे संकट चालणाऱ्याला कसे उमगावे?

प्रश्न – वाचनकट्टा, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्यातील सहा जणांनी मिळून देवगिरी किल्ल्यासाठी एक कोडेमार्ग तयार केला आहे. सोबत वाटाड्या नसतो. प्रत्येक गटाच्या हाती एक पुस्तिका आणि अंकांच्या कुलपाची एक लहान पेटी असते. ठरलेल्या जागी थांबायचे, समोर जे दिसते त्यावरून कोडे सोडवायचे, त्यातून अंक मिळवून पेटीचा एक कप्पा उघडायचा आणि आतल्या चिठ्ठीप्रमाणे पुढे निघायचे, अशी त्याची रीत आहे.

विषय आहे मुहम्मद बिन तुघलकाच्या प्रतीक नाण्यांचा. १३२७ मध्ये त्याने देवगिरीला राजधानीचा मान दिला, तिचे नाव दौलताबाद झाले. त्यानंतर १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या, म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या नाण्याच्या, मोलाने घ्यावीत असा हुकूम दिला. जागोजागी तशीच नाणी खासगीत पाडली जाऊ लागली, बाजाराने ती झिडकारली आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी मोजून द्यावी लागली. यातील काही नाणी दौलताबादच्या टांकसाळीत पडलेली आहेत, म्हणजे हे संकट आपल्या अंगणातले आहे. तरीही राजधानी हलवल्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते आणि नाण्यांची गोष्ट ‘तुघलकी कारभार’ या दोन शब्दांत संपते.

जानेवारीत आम्ही नऊ जणांना तीन गटांत पाठवून चाचणी घेतली. कुलपे भराभर उघडली, सर्वांना मजाही आली. परतीच्या एसटीत मी विचारले की, नाण्यांचे नेमके काय बिघडले होते? एकाने उत्तर दिले, ‘राजाच वेडा होता,’ आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटले, कारण दोष आमच्या कोड्यांचा होता. आम्ही खांब मोजायला लावले होते, पायऱ्या मोजायला लावल्या होत्या तसेच तोफेवरची अक्षरे शोधायला लावली होती. संकट मात्र पुस्तिकेच्या परिच्छेदांत पडून राहिले होते.

किल्ल्यात टांकसाळ म्हणून दाखवता येईल अशी वास्तू आम्हाला दिसली नाही, आणि नसलेली जागा कल्पनेने उभी करायची आमची इच्छा नाही. अशा स्थितीत चलनावरचा विश्वास कसा उडतो हे चालणाऱ्याच्या अनुभवास कसे आणावे? मार्गाचा शेवट कोठे आणि कोणत्या प्रश्नावर करावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – जुनी नाणी, जालना

ताई, आपला प्रश्न वाचून बरे वाटले. कोडे वास्तूत शोधण्याऐवजी नाण्यातच शोधावे, असे मी सुचवेन, कारण ते नाणे स्वतःच एक कोडे आहे.

हे नाणे मी तळहातावर घेऊन पाहिले आहे. बखरकार त्याला तांब्याचे म्हणतात, पण आज मिळणारे बहुतेक नमुने पिवळसर, पितळी झाकेचे असतात आणि वजन सुमारे ९ ग्रॅम भरते. एका बाजूला फारसीत मजकूर असतो, त्याचा अर्थ असा की, आशावंत दास मुहम्मद तुघलक याच्या काळात हे टंका म्हणून मुद्रांकित झाले. ‘आशावंत दास’ यासाठी मूळ शब्द आहेत ‘बंदा-ए-उमेदवार’. निवडणुकीमुळे आपल्या तोंडी बसलेला ‘उमेदवार’ हा शब्द सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या नाण्यावर त्याच्या मूळ अर्थाने, म्हणजे ‘आशा धरून असलेला’ या अर्थाने, भेटतो. दुसऱ्या बाजूला अरबी वचन आहे: जो सुलतानाची आज्ञा पाळतो, तो ईश्वराची आज्ञा पाळतो. चांदीच्या नाण्याला अशी आण घालावी लागत नाही. धातूत मोल नसल्यामुळे आज्ञेतून मोल निर्माण करायचे होते, हे त्या ओळीवरून कळते. दौलताबादच्या नाण्यांवर हिजरी ७३० हे वर्ष सापडते. आपल्या पहिल्या कुलपाचा अंक ७-३-० ठेवावा. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते सुमारे ३५४ दिवसांचे असते, तेव्हा त्यावरून इसवी सन काढायला लावले तर थोडे गणितही होईल आणि उत्तर १३२९-३० येईल.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे नाणे ‘वाजवून घ्यायची’ जुनी सवय आहे. सराफ रुपया दगडावर टाकत असे, खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस पाहिला जाई. या परीक्षा धातूच्या असतात. पितळी टंक्याच्या बाबतीत त्या सगळ्या निरुपयोगी ठरल्या, कारण सरकारी नाणेही पितळेचे आणि घरी पाडलेलेही पितळेचेच, दोन्ही सारखेच वाजणार. चांगला ठसा कोरणारा आणि थोडे पितळ एवढे भांडवल ज्याच्यापाशी असेल, त्याला चांदीच्या मोलाचे नाणे पाडता येत होते. राज्याने मोल ठरवले, पण खरे कोणते हे ओळखण्याची खूण मात्र दिली नाही. संकटाचे मूळ माझ्या मते येथे आहे.

म्हणून प्रत्येक गटाला निघतानाच बारा पितळी चकत्या द्या. ओळखीच्या कारागिराकडून एकाच पत्र्यातून त्या कापून घ्या. सात चकत्यांवर एकाने ठसा मारावा, पाचांवर दुसऱ्याने. गटाला सांगा की यांतील काही टांकसाळीच्या आहेत, काही बाहेरच्या, त्या वेगळ्या काढा. लोक त्या वाजवतील, हातावर तोलतील, उन्हात धरून अक्षरे पडताळतील आणि वाद घालतील. कप्पा कोणत्याच वाटणीने उघडता कामा नये. पाच मिनिटांनी पुस्तिकेचे पान उलटायला सांगावे, आणि तेथे एवढेच लिहिलेले असावे: ‘दौलताबादच्या व्यापाऱ्यालाही हे जमले नाही. सगळ्या चकत्या घेऊन पुढे चला.’

एक सावधगिरी. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की प्रत्येक हिंदूचे घर टांकसाळ झाले. बरनीने हे पुढे, नंतरचा सुलतान फिरोजशहा याच्या काळात, दरबारातून दूर झाल्यावर लिहिले आणि त्याचे पूर्वग्रह त्याच्या लेखनात जागोजागी दिसतात. ते वाक्य एखाद्या समाजावरचा आरोप म्हणून पुस्तिकेत घेऊ नये. ज्याला पितळ ओतता येत होते आणि ज्याला लोभ होता, त्याने नाणी पाडली, एवढे पुरे आहे.

उत्तर – गडवाट, खुलताबाद

मी गेली अनेक वर्षे पर्यटकांना किल्ला दाखवतो, म्हणून जागांविषयी थोडे लिहितो.

चालणाऱ्याला आज जे दिसते त्यातले बरेचसे १३३० मध्ये नव्हतेच, आणि हे आपल्या पुस्तिकेत स्पष्ट यायला हवे. चाँद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला आहे. चिनी महालाची आठवण गोवळकोंड्याच्या शेवटच्या कुतुबशाहाच्या कैदेशी जोडलेली आहे, म्हणजे ती थेट औरंगजेबाच्या काळातली. याउलट ज्याला आज भारतमाता मंदिर म्हणतात ती मूळची जामा मशीद १३१८ ची, जुन्या देवळांचे खांब वापरून उभारलेली, म्हणजे तुघलकाच्या आधीची. तेव्हा ‘पितळी टंका हातात घेतलेल्या माणसाला यांपैकी काय दिसले असते?’ हेच एक कोडे करा. खांब मोजण्यापेक्षा ते नक्कीच चांगले. मात्र त्या अंगणात लोक दर्शनाला येतात, म्हणून तेथे चकत्यांचा खेळ मांडू नये. तो हत्ती हौदाच्या काठाशी मांडावा, तेथे बसायला जागा आहे आणि गर्दीही विखुरलेली असते.

वास्तूला चिठ्ठी चिकटवणे, खडूने खूण करणे किंवा फटीत काही लपवणे अजिबात करू नये. हे संरक्षित स्मारक आहे आणि १९५८ च्या कायद्याने तसे करणे गुन्हा आहे. आपली पेटी गटासोबतच फिरते, हे उत्तम आहे. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, एकही कोडे ठेवू नका. वटवाघळे आणि घसरडा उतार यांमुळे तेथे लोकांचे लक्ष पायांकडेच असावे. वर डोंगरावरच्या बारादरी महालापर्यंत नेण्याचीही गरज वाटत नाही, कारण तुमचा विषय बाजाराचा आहे आणि बाजार खाली कोटाच्या आतल्या सपाटीवर भरत असणार. मार्च ते जून या महिन्यांत सकाळी नऊच्या पुढे कोणालाही पाठवू नका.

उत्तर – निवृत्त रोखपाल, परभणी

जालन्याच्या सरांनी संकटाचे मूळ नेमके सांगितले आहे. मी चौतीस वर्षे रोख खिडकीवर बसलो, म्हणून त्यात दोन गोष्टी जोडतो: सुलतानाने हे का केले असावे, आणि शेवट कशावर व्हावा.

मार्गाची सुरुवात १३२९ मध्ये करू नका. ती १२९६ मध्ये करा, जेव्हा अल्लाउद्दीन खलजीने याच देवगिरीवर चालून येऊन रामदेवराय यादवांकडून प्रचंड खंडणी नेली. पुढेही दक्षिणेचे सोने दिल्लीकडे जातच राहिले. चांदी मात्र तेव्हा या देशात फारशी निघत नसे, ती बाहेरून येत असे. मुहम्मद तुघलक गादीवर आला तेव्हा सोन्याचा आणि चांदीचा टंका दोन्ही सुमारे ११ ग्रॅमचे होते. त्याने सोन्याचा दीनार सुमारे १३ ग्रॅमचा केला आणि चांदीची अदली सुमारे ९ ग्रॅमवर आणली. महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या खालच्या मोठ्या कोटाच्या, दरवाजाशी हे तीन आकडे देऊन इतकेच विचारा, ‘बाजारात कोणता धातू कमी पडत होता?’ शाळेतले मूलही उत्तर देईल. पितळी टंक्याचे वजनही त्या ९ ग्रॅमच्या अदलीशी जुळते. चांदी अपुरी पडत होती, मोठ्या फौजेला पगार द्यायचा होता, आणि चीनमध्ये मंगोल सम्राटाचे कागदी चलन चालत असल्याचे जगाला ठाऊक होते. हा माणूस वेडा नव्हता, त्याचा हिशेब एका ठिकाणी चुकला, हे यातून चालणाऱ्याला दिसेल.

कोठे चुकला, हे दाखवायला शेजारचे कागजीपुरा उपयोगी पडेल. राजधानीसोबत आलेल्या कागद करणाऱ्यांनी हे गाव वसवले अशी परंपरा आहे, आणि तेथे हातकागद करण्याची कला टिकून राहिली. पुस्तिकेचे एक पान त्या कागदावर छापा. चीनच्या नोटेवर सरकारी शिक्के असत आणि खोटी नोट करणाऱ्याला देहदंड होता, तरी तेथेही पुढे नोटांचे मोल घसरलेच. इराणात १२९४ मध्ये तेथला मंगोल राजा गैखातू याने तबरीझला कागदी चलन सक्तीने आणले, तेव्हा बाजार ओस पडले आणि प्रयोग लगेच गुंडाळावा लागला. दौलताबादच्या नाण्याला तर शिक्क्यापलीकडे कोणतेच संरक्षण नव्हते.

चकत्यांच्या खेळात जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) चार चकत्या चांदी म्हणून मिळवा. पुढच्या थांब्यावर गटाला शेतसारा भरायला लावा आणि सांगा की खजिना दोन्ही प्रकारच्या चकत्या सारख्याच मोलाने घेतो. प्रत्येक गट पितळ देईल आणि जर्मन खिशात ठेवेल. कोणी शिकवावे लागणार नाही. चांगले नाणे घराघरांत दडून बसले, वाईट नाणे खजिन्यात साचले, हे त्यांच्याच हातून घडलेले असेल.

शेवटच्या थांब्याविषयी मला मनापासून वाटते ते सांगतो. आज बँकेत बनावट नोट आली तर ती जप्त होते, आणणाऱ्याला मोबदला मिळत नाही. आठवडी बाजारात भाजी विकून आलेल्या बाईच्या हातची नोट मला जप्त करावी लागली होती. तिने ती कोठून घेतली हे तिला सांगता येईना, आणि तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. तुघलकाने उलट केले. नाणी बंद करताना त्याने ती खजिन्यात आणून बदलून न्यायला सांगितले, आणि खरे-खोटे वेगळे काढता येत नसल्याने सगळ्यांचेच मोल चुकते झाले. तुघलकाबादेत तांब्याचे डोंगर साचले, असे बरनी लिहितो. यात खजिना रिता झाला आणि ज्यांनी घरी नाणी पाडली त्यांचेही भले झाले, पण ज्याने विश्वासाने मालाच्या बदल्यात ते नाणे घेतले होते तो बुडाला नाही. शेवटच्या कप्प्यावर कुलूप नको. गटाला खजिनदार करा आणि विचारा: समोर बारा चकत्यांची रास आहे, तुम्ही किती स्वीकाराल?

प्रश्नकर्तीचे उत्तर – वाचनकट्टा, छत्रपती संभाजीनगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांनुसार मार्ग नव्याने बांधला: महाकोटाच्या दरवाजाशी तीन वजने, हत्ती हौदाशी बारा चकत्या, चाँद मिनाराच्या पायथ्याशी ‘१३३० मध्ये काय दिसले असते’, आणि परत येताना सारा व खजिना. चाँद मिनारापाशी मी एक ओळ घातली आहे की, १३४७ मध्ये याच दौलताबादेत तुघलकाविरुद्ध उठलेल्या सरदारांनी हसन बहमनीला गादीवर बसवले.

गेल्या रविवारी आठ जण गेले होते. हौदाशी दोन बहिणींचे चकत्यांवरून चांगलेच वाजले. धाकटीने प्रत्येक चकती दगडावर टाकून पाहिली आणि ‘सगळ्या सारख्याच वाजतात गं’ म्हणत कंटाळून पिशवीत भरल्या. साऱ्याच्या थांब्यावर जर्मनची एकही चकती कोणी भरली नाही, हेही परभणीच्या काकांनी लिहिले होते तसेच घडले.

शेवटच्या थांब्यावर एका गटाने बाराच्या बारा चकत्या घेतल्या आणि दुसऱ्याने एकही घेतली नाही. प्रवेशद्वाराबाहेर पेरूच्या हातगाडीजवळ ते दोन गट अर्धा तास बोलत उभे होते, आणि आमची एसटी चुकली.