अनुभव धागा: ‘वृक्ष ओळख’ हा विषय आणि तो शिकवणाऱ्या मॅडम

पुण्यातील आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला ‘वृक्ष ओळख’ हा ऐच्छिक विषय घ्यावा की टाळावा, असे धाकटे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून ज्यांनी हा विषय पूर्ण केला आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. मॅडमचे आणि महाविद्यालयाचे नाव मात्र कृपया लिहू नये.

सुरुवात मी करते. एका सत्रात १२० झाडे आणि प्रत्येकाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ व ओळखीची खूण, एवढा अभ्यास होता. दर शनिवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी हजेरी होत असे. स्पॉटिंगला, म्हणजे डहाळी पाहून झाड ओळखण्याच्या परीक्षेला, २५ डहाळ्या मांडलेल्या असत, प्रत्येकीपुढे एक मिनिट मिळे आणि घंटा वाजली की पुढे सरकावे लागे. फुलाफळांची डहाळी मॅडम कटाक्षाने टाळत, कारण फुललेला गुलमोहर रस्त्याने जाणारा कोणीही ओळखतो, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या स्पॉटिंगमध्ये मला २५ पैकी ९ गुण पडले, कारण गुलमोहर, नीलमोहर आणि सोनमोहर यांची मी पुरती गल्लत केली होती. मॅडमनी मला थांबवून तिन्ही डहाळ्या हातात दिल्या आणि काहीही न सांगता दहा मिनिटे बघत बसवले. नीलमोहराची पाने फांदीवर समोरासमोर येतात, उरलेल्या दोघांची एकाआड एक येतात, आणि सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यावर तांबूस मखमली लव असते, हे माझे मला दिसले. ते आजतागायत विसरलेले नाही.

— धागा सुरू करणारी, माजी विद्यार्थिनी

मी सध्या वनस्पतींच्या वर्गीकरणात संशोधन करते. पान कोणते आणि पर्णिका (विभागलेल्या पानाचा एक छोटा भाग) कोणती, हे ठरवण्यासाठी बेचक्यात कळी शोधायची (ती पानाच्या बेचक्यात असते, पर्णिकेच्या नसते), हा एकच नियम मॅडमनी आमच्याकडून इतका घोटून घेतला की पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. कडुनिंबाची संपूर्ण डहाळीच पान समजून मी चित्र काढले होते, ते त्यांनी जर्नलमध्ये तीन वेळा पुन्हा काढायला लावले. बकाणनिंबाचे पान दोन-तीनदा विभागलेले असते आणि कडुनिंबाचे एकदाच, हा फरक त्यानंतर सांगावाच लागला नाही.

शास्त्रीय नावांवरून आमचा वर्ग त्यांच्यावर नाराज होता, हेही खरे आहे. बाभळीला पुस्तकात ‘ॲकेशिया’ होते आणि मॅडम ‘वॅचेलिया’ मागत. ॲकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील गटाकडे ठेवण्याचा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावरच शिक्कामोर्तब झाले, हे त्यांनी समजावूनही सांगितले. तरीही जुने नाव लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापणे मला अजूनही पटत नाही. कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात) त्या आम्हाला घेऊन गेल्या, तो दिवस मात्र माझ्या आजच्या कामाचे मूळ आहे.

— संशोधक विद्यार्थिनी

मी भोर तालुक्यातल्या गावातून शिकायला आलो. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, म्हणून लहानपणापासून आजोबांबरोबर ऐनाचे टहाळे तोडले आहेत, त्यामुळे सुसरीच्या पाठीसारखी साल पाहिली की ऐन ओळखायला मला पानाची गरज पडत नाही. पहिल्या स्पॉटिंगमध्ये मी ‘शिमटी’ लिहिले आणि यादीत ‘मोई’ असल्यामुळे मला शून्य मिळाले. मला फार लागले. आमच्या घरी त्या झाडाला दुसरे नावच नव्हते. मी चिडून विभागात गेलो आणि म्हणालो की मॅडम, हे झाड तुमच्या यादीच्या आधीपासून मी ओळखतो. त्यांनी मला बसायला सांगितले, वही उघडली आणि आमच्याकडची नावे एकेक करून विचारायला सुरुवात केली. दीड तास त्या लिहून घेत होत्या. पुढच्या आठवड्यात यादीत मोईपुढे शिमटी आले आणि माझा गुण मला मिळाला. तोपर्यंत आपल्याला येते ते ज्ञान आहे, असे कोणी मला सांगितले नव्हते. त्याच वेळी ऐनाच्या पानामागे, मधल्या शिरेच्या तळाशी दोन ग्रंथी असतात, हे मी इतकी वर्षे झाड हाताळूनही पाहिले नव्हते, हेही त्यांनीच दाखवले.

— सध्या शाळेत शिक्षक

माझे मत वेगळे आहे. मी रात्रपाळीत काम करून शिकत होतो. शनिवारच्या चार फेऱ्या चुकल्या, तर मॅडमनी हजेरीचे गुण कापले आणि कारण ऐकूनही घेतले नाही. झाडे मी रविवारी एकट्याने जाऊन पाहत असे, पण त्याची कुठे नोंद नव्हती. शिकवणे उत्तम होते. नियम मात्र वेळ असलेल्या मुलांसाठी केलेले होते. नव्या विद्यार्थ्यांनी नोकरी असल्यास आधीच बोलून घ्यावे.

— माजी विद्यार्थी, आता खासगी नोकरीत

कोथरूडमधील आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी एक झाड तोडण्याचा अर्ज तयार केला आणि त्यात ‘सुबाभूळ’ असे लिहिले. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि अर्जात नाव चुकले तर पुढचे सगळे चुकते. मी खाली जाऊन पाहिले. शेंगा रुंद, चपट्या, गवताच्या रंगाच्या होत्या आणि वाऱ्याने खुळखुळत होत्या. पर्णिकाही सुबाभळीच्या मानाने कितीतरी मोठ्या होत्या. तो शिरीष होता. सेक्रेटरींना मी दोन्ही झाडांची पाने शेजारी ठेवून दाखवली आणि अर्ज मागे घेतला गेला. त्या रात्री बऱ्याच वर्षांनी मॅडमना फोन करून हे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “देठावरची ग्रंथी पाहिलीस का?” मी विजेरी घेऊन पुन्हा खाली गेलो. पर्णिका रात्रीच्या मिटलेल्या होत्या, पण देठाच्या तळाजवळचा तो लहानसा उंचवटा बोटाला लागला.

— कोथरूडचा रहिवासी, माजी विद्यार्थी