'सेवा-नकार' म्हणजे नक्की कोणाचा नकार?

मूळ प्रश्न

एका सॉफ्टवेअर लायब्ररीच्या (इतर प्रोग्राममध्ये जोडायच्या तयार कोडच्या) सुरक्षा-सूचनेचं मराठी करते आहे. लायब्ररी साधीच आहे, मजकुरातल्या तारखा आणि दुवे हुडकून देणारी. दोषाचं नाव मात्र लांबलचक: रेग्युलर एक्स्प्रेशन डिनायल ऑफ सर्व्हिस, लाडाने रीडॉस. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते चिन्हांनी सांगणारं सूत्र; ते एखाद्या मजकुरावर अडकून बसलं की प्रोग्राम इतरांसाठी ठप्प होतो, तो हा दोष. माझा पहिला खर्डा होता 'नियमित पदावलीजन्य सेवा-नकार भेद्यता'. दुसऱ्या दिवशी वाचला तर माझा मलाच कळेना. 'नकार' शब्द जास्त खुपतो. खिडकीपलीकडच्या माणसाने "नाही मिळणार" म्हणून झडप पाडली असं वाटतं. इथे तर प्रोग्राम बिचारा इमानेइतबारे काम करत बसलेला असतो, म्हणूनच बाकीच्यांना त्याच्याकडून काही मिळत नाही. काय म्हणावं?

प्रतिसाद

'नकारा'च्या आधी 'नियमित' काढा. गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली मज्जापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडताना एका वर्गाला 'रेग्युलर' म्हटलं आणि तिथेच कंसात लिहून ठेवलं की याहून अर्थवाही शब्द कोणाला सुचला तर स्वागत आहे. म्हणजे बारशालाच नाव पसंत नव्हतं, आणि आपण ते सत्तर वर्षांनी जपून मराठीत आणायचं! 'पदावली' तर शाळेतल्या कंस सोडवण्याकडे नेते. मी बोलताना 'रेजेक्स' (रेग्युलर एक्स्प्रेशनचंच आखूड रूप) म्हणतो. लिहिताना 'शोधसाचा'. मजकूर साच्यात बसतो की नाही हेच तर पाहायचं असतं. 'नमुना' म्हणू नका, तो शब्द अर्जांनी आणि विक्षिप्त माणसांनी आधीच अडवून ठेवलाय.

प्रतिसाद

शोधसाचा +१.

प्रतिसाद

नकाराबद्दलचा आक्षेप मान्य. पण या दोषात एक खरा नकार आहेच, फक्त तो वेगळ्या जागी आहे.

हा साचा घ्या: ^(क+)+$. ^ म्हणजे सुरुवात, $ म्हणजे शेवट आणि + म्हणजे 'आधीचं एक किंवा अधिक वेळा'. अर्थ एवढाच, की सुरुवातीपासून शेवटापर्यंत नुसते 'क' हवेत. तीस 'क' द्या, लगेच 'हो' येईल. आता त्याच तीस 'क'च्या शेवटी एक 'ख' चिकटवा. उत्तर 'नाही' आहे हे आपल्याला नुसतं बघून कळतं. इंजिनाला, म्हणजे साचा मजकुराशी ताडून बघणाऱ्या कोडला, कळत नाही. आतला 'अधिक' आणि बाहेरचा 'अधिक' यांच्यात तीस 'क' किती तऱ्हांनी वाटता येतील? सगळे एकाच गटात, किंवा एकोणतीस आणि एक, किंवा अठ्ठावीस, एक, एक... अशा ५३,६८,७०,९१२ वाटण्या होतात. मागे फिरत फिरत चालणारं इंजिन 'नाही' म्हणण्याआधी त्या सगळ्या करून बघतं. एक 'क' वाढवला की आकडा दुप्पट.

होकार चुटकीसरशी, नकार मात्र संपता संपत नाही. प्रोग्राम सेवा नाकारत नाही, त्याला नाकारणंच जमत नाही. त्यामुळे 'सेवा-नकार' ऐकलं की मला हसू येतं.

प्रतिसाद

मग 'सेवाखंड'? सुटसुटीत आहे.

प्रतिसाद

नको हो. 'सेवाखंड' म्हणजे नोकरीत पडलेला खंड, वाचणाऱ्याला निवृत्तिवेतन आठवेल. 'सेवाकोंडी' म्हणा. वाहतूक कोंडीत रस्ता कोणी नाकारलेला नसतो, रस्ता जागेवरच असतो, नुसता पुढे सरकत नाही. शिवाय 'कोंडी होणे' आणि 'कोंडी करणे' ही दोन्ही क्रियापदं तयार मिळतात, आणि ती लागतात. २०१६च्या जुलैत प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडलं ते आठवा. टोकाच्या रिकाम्या जागा छाटणारा एक निरुपद्रवी साचा, आणि कोणाच्या तरी मजकुरात मधोमध सलग सुमारे २०,००० रिकाम्या जागा. प्रत्येक जागेपासून नव्याने सुरुवात, शेवटी वेगळंच अक्षर, परत मागे. साधारण २० कोटी तपासण्या. लिहिणाऱ्याच्या मनात काहीही नव्हतं. २ जुलै २०१९ला असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर २७ मिनिटं आडवं झालं, तेही त्यांच्याच फायरवॉलच्या एका नव्या नियमातल्या साच्याने. दोन्हीकडे हल्लेखोर नाही. म्हणून 'हल्ला' हा शब्दही शीर्षकात घालू नये. कोंडी झाली, इतकं पुरे.

प्रतिसाद

त्याच धाग्यात 'कॅटॅस्ट्रॉफिक बॅकट्रॅकिंग'चं, म्हणजे इंजिनाच्या या न संपणाऱ्या मागे फिरण्याच्या इंग्रजी नावाचं बघा. 'विनाशकारी माघार' वाचलंय मी. विनाश कसला? सगळं शाबूत असतं, प्रोसेसर फक्त तापतो. 'घातांकी माघार' नेमकं वाटेल, पण वरच्या २०,००० जागांचा हिशेब घातांकी नाही, तो वर्गाने वाढतो. दोन्हींना पुरेल असं 'अनावर माघार'.

जाता जाता, साच्यातल्या + सारख्या चिन्हांच्या 'ग्रीडी' प्रकाराला 'लोभी' का म्हणतात कळत नाही. मिळेल तितकं गिळणारा तो 'हावरा'. त्याचा भाऊ 'पझेसिव्ह' गिळलेलं परत देत नाही, म्हणून त्याच्यापुरती माघारच संपते. त्याला 'चिकट' म्हणणार होतो, पण जावास्क्रिप्टमध्ये 'स्टिकी' नावाची वेगळीच सोय आहे. सध्या 'घट्टमुठी' म्हणतो.

प्रतिसाद

देवनागरीवाल्यांनी जास्त जपायला हवं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ठरलेल्या लायब्ररीत 'शब्दातलं अक्षर' या खुणेत (\w) मात्रा धरल्या जात नाहीत. 'मराठी' शब्द 'र'नंतरच तुटतो. मग आपण हाताने साचा लिहितो: ^([क-ह]+[ा-्]*)+$. मीही लिहिला होता, मोठ्या अभिमानाने. यात तोच रोग आहे. मात्रा ऐच्छिक, व्यंजनं आतही अनेक आणि बाहेरही अनेक. बिनमात्रेच्या अक्षरांची लांब रांग आणि शेवटी एक उद्गारचिन्ह, की झाली कोंडी. आतला 'अधिक' काढून [क-ह][ा-्]* एवढंच आत ठेवलं की प्रत्येक व्यंजन एकाच तऱ्हेने बसतं. सूचनेत कारण लिहाल तेव्हा 'संदिग्ध साचा' हा शब्द वापरा. 'गुंतागुंतीचा' नको. हा साचा दिसायला गुंतागुंतीचा नाहीच, त्याचे अर्थ दोन लागतात.

मूळ प्रश्नकर्ती

'संदिग्ध' मिळाला, बरं झालं. 'भेद्यता' ठेवू का? भेदत तर कोणीच काही नाही.

प्रतिसाद

ठेवा. सुरक्षेच्या यादीत तो शब्द रुळलाय आणि 'बाहेरच्याला वापरता येणारा दोष' एवढं तो सांगतो. दोषांच्या वर्गीकरणात याचा क्रमांक सीडब्ल्यूई-१३३३, आणि तिथल्या शीर्षकात सेवा, नकार काहीच नाही, फक्त साच्याची अकार्यक्षमता आहे. उपायाच्या ओळीत 'सुरक्षित इंजिन' लिहू नका, 'माघार न घेणारं इंजिन' लिहा. युनिक्सच्या जनकांपैकी एक केन थॉम्पसन यांनी १९६८ साली दाखवलेली रीत हीच: सगळ्या वाटा एकाच वेळी चालायच्या, मागे वळायचंच नाही. गूगलचं आरई-टू, तसंच गो आणि रस्ट या प्रोग्रामिंग भाषांची इंजिनं त्याच वळणाची. बदल्यात साच्यात मागच्या गटाचा संदर्भ देण्याची सोय सोडावी लागते, तेही एका ओळीत लिहा, नाहीतर साचे चालेनात म्हणून लोक तुम्हाला विचारतील.

मूळ प्रश्नकर्ती

आता असं झालंय: "तारीख ओळखणारा शोधसाचा संदिग्ध असल्याने लांब मजकुरावर अनावर माघार घडते व सेवाकोंडी होऊ शकते."

प्रतिसाद

'होऊ शकते' की 'करता येते'?

मूळ प्रश्नकर्ती

'करता येते'. मजकूर बाहेरून येतो. बदलते.