व्हीएमसी सर्व्हिसिंगसाठी एआर हेडसेट घ्यायचा आहे, जाणकारांनी सल्ला द्यावा

स्पिंडल_भोसरी

मंडळी, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी-व्हीएमसी (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रं) दुरुस्तीचं छोटं युनिट आहे, नऊ माणसांचं. गिऱ्हाइकं मात्र कोल्हापूर, राजकोट, पार कोइमतूरपर्यंत पसरलेली.

अण्णा आमचे सगळ्यात जुने फिटर, वय ६३. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. टूल चेंजरचा, म्हणजे मशीनमधलं कापायचं हत्यार आपोआप बदलणाऱ्या भागाचा, आर्म अर्ध्यावर अडकला तर नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा माणूस आमच्याकडे तो एकच. सध्या व्हिडिओ कॉलवर भागवतो. मागच्या महिन्यात राजकोटला आमचा पोरगा एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ॲलन की आणि दातात टॉर्च धरून उभा होता. इकडून अण्णा "खालचा बोल्ट, खालचा!" म्हणून ओरडत होते आणि तो वरचा सोडवत होता. त्यात प्रॉक्सी सेन्सरची (भाग जागेवर आलाय का ते ओळखणाऱ्या सेन्सरची) वायर तुटली आणि मशीन आणखी दोन दिवस बंद राहिलं. पोरगा रडवेला झाला होता. चूक त्याची नव्हती.

म्हणून एआर हेडसेट, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर आभासी खुणा दाखवणारं डोक्यावरचं यंत्र, घ्यायचं मनात आहे. एक डीलर मायक्रोसॉफ्टचा वापरलेला होलोलेन्स २ देतो म्हणतोय. भाचा अमेरिकेतून मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट आणू शकतो. रे-बॅन मेटा हा चष्मा तर इथेच मिळतो. पहिल्या नगासाठी दोन लाखांपर्यंत तयारी आहे. काय घ्यावं?

येना_निवासी

आधी होलोलेन्सचं सांगतो, कारण पैसे तिथे अडकतील. घेऊ नका. यंत्र वाईट म्हणून नव्हे. २०१९ मध्ये ३,५०० डॉलरला आलेलं ते फार देखणं काम होतं. पण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवल्याचं सांगितलं आणि सुरक्षेचे अपडेट ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच मिळणार आहेत. आभासी खूण खोलीतल्या एका जागी कायमची रोवून ठेवणारी अझूर स्पेशियल अँकर्स ही सेवा नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाली. मॅजिक लीप १ या दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटची गत याहून वाईट झाली. ३१ डिसेंबर २०२४ नंतर त्याची क्लाउड सेवा थांबली आणि चांगली चालणारी यंत्रं निकामी झाली. हेडसेटची काच धडधाकट असली तरी पाठीमागचा सर्व्हर बंद पडला की तो संपला. वापरलेलं लेथ घेण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

मी इथे जर्मनीत ऑप्टिक्समध्ये काम करतो, म्हणून चष्म्याच्या आत काय चालतं ते थोडं लिहितो. निवड त्यावरच ठरते.

आरपार दिसणाऱ्या चष्म्यात चित्र चौकटीत बसवलेल्या छोट्या प्रोजेक्टरमधून निघतं. ते काचेत शिरतं, आतल्या आत आपटत डोळ्यासमोर येतं आणि तिथल्या सूक्ष्म खाचांमधून बाहेर पडतं. या काचेला वेव्हगाइड म्हणतात. खाचांच्या वेव्हगाइडमध्ये वाटेत इतका प्रकाश वाया जातो की शंभरातला जेमतेम एखादा भाग डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून शोरूममध्ये झगमगणारं चित्र पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या दारातून ऊन येत असताना फिकं पडतं. दुसरं, हा चष्मा प्रकाशात प्रकाश मिळवतो, काढून घेऊ शकत नाही. त्याला काळा रंग दाखवताच येत नाही, काळं म्हणजे पारदर्शक. मॅजिक लीप २ मध्ये मागचं दृश्य मंद करण्याची सोय दिली आहे, पण २०२२ मध्ये तो आला तेव्हा त्याची किंमत ३,२९९ डॉलरपासून सुरू होत होती.

चित्र किती रुंद दिसतं हेही बघा. होलोलेन्स २ मध्ये कर्णावर सुमारे ५२ अंश. मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुन्यात ७० अंश, तेही शंभर ग्रॅमच्या आत. त्यासाठी काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरावं लागलं. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची ताकद) काचेपेक्षा बराच जास्त, त्यामुळे प्रकाश तिरका शिरला तरी आतच राहतो. मात्र तो माल बनवायला अजून फार महाग पडतो. प्रकाशासाठी तिथे मायक्रोएलईडी, म्हणजे अतिसूक्ष्म एलईडी दिवे, आहेत. त्यातला हिरवा छान उजळतो, लाल मात्र कण जितका बारीक तितका मंद होत जातो. हे गणित जुळेपर्यंत हलका, उजळ आणि परवडणारा चष्मा दुकानात दिसणार नाही.

क्वेस्ट ३ ची जात वेगळी. डोळ्यांसमोर बंद पडदे, बाहेरचं जग कॅमेऱ्यांतून. चित्र भक्कम दिसतं, काळाही दिसतो आणि २०२३ मध्ये तो ४९९ डॉलरला आला. ॲपलचा व्हिजन प्रो याच पद्धतीचा, २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आलेला. प्रशिक्षणाला उत्तम. पण चालू मशीनसमोर बॅटरी संपली तर माणसाच्या डोळ्यांपुढे अंधार होतो. तुमच्या पोराला तो घालून स्पिंडलजवळ (हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्याजवळ) हात घालू देऊ नका. हे मी अगदी मनापासून लिहितोय.

आता माझा प्रश्न. अण्णांनी इकडून पडद्यावर काढलेला बाण पोराला त्या बोल्टला चिकटलेला दिसायला हवा, की पोराला जे दिसतंय ते अण्णांना दिसलं आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहिले तरी पुरे?

स्पिंडल_भोसरी

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. अण्णांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मला त्याचे हात दिसू देत, बाकी मी बघून घेतो." बाण चिकटला तर छानच, पण दुसरं आधी.

सातपूर_पॅनेल

मग तुम्हाला एका डोळ्यापुढे छोटा पडदा असलेला हेडसेट हवा. रिअलवेअर नेव्हिगेटर किंवा व्ह्यूझिक्सची एम मालिका त्यातली. हेल्मेटला अडकतो, पडदा भुवईच्या खाली कोपऱ्यात येतो, बघायचं नसेल तेव्हा बाजूला सारायचा. खरं जग मोकळ्या डोळ्यांनीच दिसतं, म्हणून वरची अंधाराची भीती नाही. अण्णा तिकडे गोठवलेल्या फोटोवर गोल काढतील, तो पोराला पडद्यात दिसेल. बाण बोल्टला चिकटणार नाही, पण काम होतं.

आमच्या पॅनेलच्या कारखान्यात असा एक हेडसेट दोन वर्षं वापरला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिले तीन महिने आम्ही हैराण होतो. सगळं तोंडी हुकमांवर चालायचं, हुकूम इंग्रजीत, आणि शेजारी पॉवर प्रेस. आमची पोरं "झूम" म्हणायची ते त्याला कळायचं नाही. मग वीस हुकूम निवडले, भिंतीवर चिकटवले, प्रत्येकाकडून आठवडाभर म्हणवून घेतले. त्यानंतर सुरळीत झालं. विकत घेण्याआधी हेडसेट तुमच्या सगळ्यात गोंगाटाच्या जागी नेऊन बघा, डेमो एसी केबिनमध्ये घेऊ नका.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: गेट. मोठ्या कारखान्यांत सिक्युरिटी कॅमेऱ्यावर स्टिकर लावते, हेडसेट तर आतच सोडत नाही. गिऱ्हाइकाकडून आधी मेलवर परवानगी घ्या आणि व्हिडिओ साठवणार नाही असं लिहून द्या. नेटही त्यांचं मिळत नाही, आपलं हॉटस्पॉट न्यायचं. शेडच्या आत रेंज नसेल तर दोन लाखांचं यंत्र डब्यात राहतं.

आणि एक. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे शब्द रुळवले ते बोइंगच्या टॉम कॉडेल यांनी, १९९० च्या सुमारास, विमानातल्या वायरिंगच्या कामासाठी. गेमसाठी नव्हे. आम्ही वायरिंगवाले आहोत म्हणून मला याचा अभिमान वाटतो. तरी आज कारखान्यातल्या माणसासाठी केलेली यंत्रंच एकेक करून बंद होताहेत. गूगल ग्लासची एंटरप्राइझ आवृत्तीसुद्धा मार्च २०२३ मध्ये थांबली. बाजार सगळा रस्त्यावरच्या चष्म्यांकडे वळलाय. याचं वाईट वाटतं.

बिंदू_ठाणे

मी फोनवरची एआर ॲप्स बनवतो. वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक पायरी आधी सुचवतो. आत्ता काहीच विकत घेऊ नका. फोन गळ्यातल्या किंवा छातीवरच्या माउंटला लावा आणि एआर खुणा करता येणारं रिमोट असिस्टन्सचं (दुरून मदत करण्याचं) ॲप चाचणीपुरतं घ्या. ॲपलचं एआरकिट २०१७ पासून आणि गूगलचं एआरकोर २०१८ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच फोनांवर हे चालतं. यात बाण जागेला चिकटतोसुद्धा. कॅमेरा पृष्ठभागावरचे ठळक ठिपके धरून ठेवतो, फोनमधला हालचालीचा सेन्सर हात किती हलला ते सांगतो, आणि दोन्ही जुळवून बाणाची जागा ठरते.

म्हणूनच मशीनचा चकचकीत ग्राइंड केलेला बेड (पाया) किंवा कूलंटने (कापताना सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाने) ओला पत्रा त्याला चकवतो. धरायला ठिपकेच सापडत नाहीत, प्रतिबिंबं सरकतात, बाणही सरकतो. उपाय सोपा आहे. कव्हरवर तीन-चार छापील स्टिकर लावा, नक्षी जितकी वेडीवाकडी तितकी चांगली. ग्लॉसी कागद नको, मॅट हवा.

रे-बॅन मेटा २०२५ च्या मे महिन्यात भारतात २९,९०० रुपयांपासून आला. त्यात पडदा नाही, म्हणजे तो एआर चष्मा नव्हेच. कॅमेरा आणि स्पीकर आहेत, व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर समोरचं दृश्य दाखवता येतं. अण्णा बघतील आणि बोलतील, पण खूण करून दाखवू शकणार नाहीत. सेफ्टी गॉगलची जागाही तो घेत नाही. पडदा असलेला रे-बॅन डिस्प्ले अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलरला आला. त्यात फक्त उजव्या डोळ्यापुढे २० अंशांची खिडकी आहे, मेसेज वाचायला ठीक.

भाच्याकडून काही मागवणार असाल तर वायफाय-ब्लूटूथच्या उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या बिनतारी विभागाची) ईटीए मंजुरी लागते, ती आधी तपासा. धंद्यासाठी घेताना इथल्या विक्रेत्याचं बिल असलेलंच बरं. दुरुस्तीला परत अमेरिकेला कोण पाठवणार?

स्पिंडल_भोसरी

काल चिंचवडच्या गिऱ्हाइकाकडे छातीवर फोन लावून करून पाहिलं. अण्णा भोसरीत टॅबलेटसमोर. त्यांनी पिवळा बाण काढला, तो बेडवरून घसरत चिप ट्रेपर्यंत (धातूचा कीस पडतो तिथपर्यंत) गेला. मग मॅट स्टिकर लावले आणि बाण तिथेच राहिला. पोराने दोन्ही हातांनी बोल्ट सोडवला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची टॅबलेटच्या आणखी जवळ ओढली.

एक अडचण आली. छाती एकीकडे आणि नजर दुसरीकडे. खाली वाकला की फोनला मशीनचा पत्राच दिसतो. त्यामुळे एका डोळ्याच्या हेडसेटकडेच कल आहे. होलोलेन्सच्या डीलरला नाही कळवलं. पडदा नेमका कोणत्या डोळ्यापुढे ठेवायचा?

सातपूर_पॅनेल

प्रत्येकाचा प्रबळ डोळा वेगळा असतो. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये छोटं त्रिकोणी भोक ठेवायचं आणि त्यातून लांबचा बल्ब बघायचा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने बल्ब भोकातच राहतो, तो प्रबळ. आमच्याकडे सुरुवातीला हे केलं नाही आणि दोघांची डोकी दुखायला लागली. पडद्याचा दांडा दोन्ही बाजूंना बसतो असंच मॉडेल बघा.

स्पिंडल_भोसरी

सगळ्यांचे डोळे आज तपासले. सात जण उजवे, दोघे डावे. राजकोटचा पोरगा डावा निघाला. पुण्यात किंवा नाशकात कोणी असा हेडसेट पंधरा दिवस भाड्याने देत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी कोल्हापूरला टूल चेंजरचंच काम आहे.